नऊ नंबरचं काय करायचं

"बस माझ्या खुर्चीत," कोच म्हणाला आणि स्वतः खिडकीखालच्या बाकावर जाऊन बसला.

त्याच्या भाच्याला ही पद्धत ठाऊक होती. सीझन संपला की कोच एकेका खेळाडूला आत बोलवायचा, दार लावायचा आणि जागा बदलायचा. खुर्चीतल्याने कोच होऊन बोलायचं, बाकावरच्याने खेळाडू होऊन ऐकून घ्यायचं. माणूस स्वतःला शिव्या घालतो तेव्हा कमी घालतो, पण नेमक्या घालतो, असं कोचचं म्हणणं होतं. सकाळपासून जवळजवळ सगळी टीम येऊन गेली होती. गोलकीपरने तर बाकावरच्या कोचला इतकं झापलं, की कोचला मध्येच उठून पाणी प्यावं लागलं.

कॉलेजची टीम यंदा तळाला गेली होती. तळाला म्हणजे अगदी तळाला. खाली कुणी उरलंच नव्हतं. त्यात नऊ नंबर, म्हणजे गोल करणं हेच ज्याचं काम, त्याचे सबंध सीझनमध्ये दोन गोल. त्यातला एक चेंडू पाठीला लागून आपोआप आत गेलेला. पोरं तोंडावर काही बोलत नसत. पण नऊ नंबर हा कोचच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, आणि तो टीममध्ये का आहे हे सांगायला काही ज्योतिषी लागत नव्हता.

कोचला हे कळत नव्हतं असं नाही. भाच्याला ठेवलं तर टीमचं वाटोळं, काढलं तर पोराचा हिरमोड. पोर चालायला लागलं तेव्हा यानेच त्याच्यापुढे चेंडू टाकला होता. तेव्हापासून बहिणीच्या घरी गेलं की मामा-भाच्यात दुसरा विषय नसे. तोच काढून घेतला तर दोघांत उरणार काय, या विचाराने त्याला आठवडाभर धड झोप नव्हती. म्हणून भाच्याची पाळी त्याने ढकलत ढकलत शेवटाला आणली होती. त्याच्यामागे फक्त कॅप्टन राहिला होता.

"सुरू कर," कोच म्हणाला. "नऊ नंबरबद्दल बोल."

भाचा खुर्चीच्या टोकावर टेकला होता. आधी तो सगळे म्हणतात तेच बोलला. पास चुकतात, हेडिंग कच्चं आहे, गोलसमोर गेलं की गडबड होते. कोच बाकावर मान खाली घालून "हो सर, हो सर" करत राहिला. मग भाचा जरा मागे सरकून नीट बसला आणि त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"एक सांग," तो म्हणाला. "तुला खेळायला आवडतं का रे?"

कोचने मान वर केली. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याने कुणालाच विचारला नव्हता. उत्तर तर द्यायला हवं होतं, बाकावर तोच होता.

"माहीत नाही, सर," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा."

"नाही आवडत. तुला बघायला आवडतं. कुणाच्या तरी शेजारी बसून, आरडाओरडा करत. मैदानात उतरायचं म्हटलं की तू बुटांची नाडी पुन्हा पुन्हा बांधत बसतोस. चेंडू दुसरीकडे गेला की तुला बरं वाटतं. असला नऊ नंबर मी ठेवून काय करू?"

कोचला हसावं की रडावं कळेना. पण एक गोष्ट विचारायची राहिली होती, आणि बाकावर बसून ती विचारणं सोपं होतं.

"पण सर, मामाला काय वाटेल?"

खुर्चीतल्या पोराचा आवाज आता कोचचा राहिला नाही. "तेच तर," तो म्हणाला. "म्हणून तर सगळा सीझन ओढला. खेळणं सोडलं तर मामा माझ्याशी बोलणार कशाबद्दल?"

कोच बाकावरून उठला आणि टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ येऊन उभा राहिला.

"मामाला आठवडाभर झोप नाही," तो म्हणाला. "तुला कसं काढू, या काळजीने."

"म्हणजे तू मला काढणारच होतास?"

"काढणारच होतो."

"मग आधी का नाही बोललास?"

"तू का नाही बोललास?"

दोघांचाही जीव भांड्यात पडला. दोघेही तोंड दाबून असे हसत सुटले, की बाहेर थांबलेल्या कॅप्टनला आत रडारड चालली आहे असं वाटलं. आईला कोणी सांगायचं यावर थोडी हुज्जत झाली. ते काम मामाच्या गळ्यात पडलं, कारण ती त्याची मोठी बहीण होती आणि तिचं ऐकून घ्यायची त्याला लहानपणापासून सवय होती. रविवारी टीव्हीवर मॅच होती, ती तिच्याच घरी बसून बघायची ठरली.

कोचने दार उघडलं.

कॅप्टनने दोघांचे ओले डोळे बघितले. "काढलंत, सर?" त्याने हळूच विचारलं. कोचने मान डोलावली. कॅप्टन मनाने चांगला. त्याने भाच्याच्या पाठीवर हात ठेवला आणि वाईट वाटून घेऊ नकोस, असं काहीतरी पुटपुटला. भाच्याने तोंड होईल तेवढं पाडलं आणि व्हरांडा संपेपर्यंत तो अगदी सावकाश चालत गेला. मग पायऱ्या आल्या. त्या त्याने दोन-दोन करत उतरल्या, शेवटच्या पायऱ्यांवरून तर उडीच मारली, आणि रिकाम्या मैदानातून आडवा, फाटकाच्या दिशेने, असा काही सुटला की कॅप्टन कठड्याशी जाऊन बघत राहिला.

"सर, हा इतका पळतो?" तो म्हणाला. "मग याला काढलंत कशाला?"

"काढला, म्हणून तर पळतोय," कोच म्हणाला.