तिसरा शेरा

"परत थुंकी!" साहेब ओरडले. "काचेवर बोलायचं नाही म्हणून किती वेळा सांगायचं मावशी?"

गळ्यात कायम भिंग लटकलेलं, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना भिंगसाहेब म्हणायचे. त्यांच्या खोलीत आकाशाचे जुने फोटो होते, काचेवर काढलेले, हजारो. काच पांढरी, तारे काळे. स्कॅनिंगच्या मशीनखाली जायच्या आधी प्रत्येक काच पुसायची, हे मावशींचं काम.

उजेडाच्या टेबलावर काच होती. कोपऱ्यात तिळाएवढा राखाडी डाग. लांबट, अंड्यासारखा.

"तीनदा पुसला. निघत नाही."

"मग फोटोच्या बाजूनं घासा."

"त्या बाजूला फडकं लावायचं नाही, हा तुमचाच नियम. तारेच निघून येतील."

साहेबांनी रजिस्टर ओढलं. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते, मुद्दाम. "सोमवार. काच चारशे बारा. उजवा कोपरा, तिरक्या तीन ठिपक्यांच्या खाली, लांबट डाग. कारण, निष्काळजीपणा."

हा तिसरा शेरा. तीन झाले की उद्यापासून घरी बसायचं.

मावशी उठल्या. तरातरा कपाटाकडे गेल्या आणि एक पाकीट घेऊन आल्या. त्यावर आकाशाच्या त्याच तुकड्याचा नंबर होता, तारीख मात्र अकरा वर्षांनंतरची. चिकटपट्टी अजून तशीच होती. साहेबांच्या नाकासमोर त्यांनी ती फाडली आणि काच टेबलावर ठेवली.

तिरके तीन ठिपके. खाली तोच तीळ.

"ही मी अजून उघडलीच नव्हती. हिच्यावर कधी थुंकले मी?"

साहेबांनी भिंग डोळ्याला लावलं. ते बराच वेळ काढेचनात. मग कॉम्प्युटरवर यादी बघितली. परत बघितली.

"दीर्घिका आहे ही," ते हळूच म्हणाले. "लंबवर्तुळाकार. अब्जावधी तारे असतील यात. इतक्या लांब, की तिळाएवढी दिसतेय. आणि आजवर सापडलेल्यांच्या यादीत नाहीये."

"म्हणजे कुणी बघितलीच नाही?"

"बघितली असेल. डाग म्हणून सोडून दिली असेल."

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी पेन उचललं आणि रजिस्टर जवळ घेतलं. "शेरा खोडतो. चुकलंच माझं."

मावशींनी पानावर पंजा ठेवला.

"खोडू नका."

"अहो, तुमच्याच भल्यासाठी..."

"वार, काच, कोपरा, सगळं बरोबर लिहिलंय तुम्ही. ती पहिल्यांदा सापडली, त्याचा कागद हाच ना? आता शेवटचा रकाना वाचा. मघासारखा, मोठ्यानं."

साहेबांनी खाली बघितलं. 'जबाबदार कोण' या रकान्यात, त्यांच्याच वळणदार अक्षरात, मावशींचं पूर्ण नाव होतं.