बर्फाच्या बादलीतला कागद

बायको बारच्या दारातून आत आली, तेव्हा त्याची कविता बर्फाच्या बादलीत पडून दहा मिनिटं झाली होती.

आता ती बाहेर काढता येत नव्हती. इथे गुरुवारी संध्याकाळी स्वतःची कविता कुणी वाचत नसे. टाइप केलेले, बिननावाचे कागद बर्फाच्या रिकाम्या बादलीत टाकायचे आणि आलेल्या प्रत्येकाने एकेक उचलून वाचायचा, हा बारमालकाचा दंडक. माणसं अकरा, कागद अकरा. त्याने मोजले होते. त्याच्या कवितेची पहिलीच ओळ होती, ‘रविवारी मी तिला सांगेन, की मी चाललो.’ पुढे बारा वर्षांच्या संसाराचा बारीकसारीक तपशील.

“तू इथे कशी?”

“दर गुरुवारी तू कुठे जातोस, बघावं म्हटलं.” तिने खांद्यावरची जड पिशवी खुर्चीपाशी ठेवली.

“काय आहे एवढं?”

“ऑफिसात लागतं.”

त्याने पुढे विचारलं नाही. त्याचं लक्ष बादलीकडे होतं. तो वजनकाटे तपासायचा. मिलिग्रॅमचा फरक त्याच्या नजरेतून सुटत नसे. सगळ्यांत शेवटी उठायचं, त्याने ठरवलं. तोवर आपला कागद कुणाच्या हाती लागला नाही, तर सुटलो.

“पाय हलवणं थांबव रे,” शेजारचा दातांचा डॉक्टर म्हणाला. “माझ्या खुर्चीतले पेशंटसुद्धा एवढे थरथरत नाहीत.”

चार कागद वाचून झाले. मग बारमालकाने बादली थेट बायकोपुढे धरली. “वहिनी, आता तुम्ही!”



ती माइकपाशी गेली. चष्मा लावून कागद पाहिला. बराच वेळ पाहिला. मग चष्मा काढून मुठीत धरला आणि बोलू लागली.

‘रोज कामावर जाताना
मी घरातली एक वस्तू नेते.
आधी गाळणी, मग पुस्तकं, मग हिवाळ्याचं पांघरूण.
परतताना हात मोकळे.
त्याला अजून कळलेलं नाही.
आज शेवटची पिशवी.’

त्याची नव्हती! त्याने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की डॉक्टर दचकला.

“कुणाची असेल रे?” डॉक्टर कुजबुजला.

“कुणाची का असेना. पण नवरा म्हणजे अगदीच ठोंब्या. घर रिकामं होतंय आणि पत्ता नाही!”

बायको परत आली. घडी घातलेला कागद तिने त्याच्या ग्लासाखाली सरकवला.

“छान वाचलंस,” तो म्हणाला.

“हो? जरा फोन करून येते.” तिने पिशवी उचलली आणि बाहेर गेली.

पुढचे कागद भराभर निघाले. पाळणाघराची कविता, गुडघेदुखीची, डॉक्टरने वाचलेली मांजराची. त्याची एकही नाही. म्हणजे तळाशी उरलेली ती आपलीच. आता तिथेच काहीतरी रचून म्हणायचं, झालं. तो जवळजवळ शीळ घालतच उठला आणि बादलीत हात घातला.

बोटांना थंडगार पत्रा लागला.

“अरेच्चा, वहिनींमुळे आज एक माणूस जास्त झालं!” बारमालक हसला. “तुम्हाला सुट्टी.”

तो टेबलाशी आला. दाराकडे पाहिलं. मग ग्लास उचलून त्याने ओला झालेला कागद उलगडला.

‘रविवारी मी तिला सांगेन, की मी चाललो.’