रेजिनबायचा नकार

टोरंटोत, स्कारबरोच्या चर्चच्या बेसमेंटमध्ये तालीम शेवटच्या प्रवेशावर आली आणि जोन पुन्हा त्याच वाक्याला अडली.

"ही वाडी माझ्या मढ्यावरून न्या," ती म्हणाली आणि थांबली. "सॉरी अंकल. माझ्या तोंडात बसतच नाहीये हे."

ज्युलियस खुर्चीतून उठले. वसईत शाळामास्तर असताना त्यांनी हे नाटक लिहिलं होतं, बिल्डरांनी गावातल्या वाड्या एकेक करून गिळायला घेतल्या तेव्हा. रेजिनबाय नावाची विधवा म्हातारी आपली केळीची वाडी विकत नाही, एवढीच गोष्ट. पण गावोगावी माणसं ती उभ्यानं बघायची. प्रयोग उधळले गेले. मास्तरांची नोकरी गेली. पोलिसांनी उचलून नेलं आणि माफी लिहून दिलीत तर सोडतो म्हणाले. त्यांनी दिली नाही. सुटून आले तेव्हा रेजिनबायचं ते वाक्य गावातल्या भिंतींवर रंगवलेलं होतं.

यंदा टोरंटोतल्या वसईकरांनी मेळाव्यासाठी तेच नाटक निवडलं, आणि बसवायला खुद्द लेखकालाच बोलावलं.

"बघ, असं," म्हणत ज्युलियसनी म्हातारीसारखी कंबर वाकवली, एक हात गुडघ्यावर टेकला. "ही वाडी..."

पुढचे शब्द आलेच नाहीत.

मागच्या खुर्चीत त्यांचा मुलगा ॲरन फोनमध्ये डोकं घालून बसला होता. त्यांना घरी न्यायला आला होता. आई गेल्यावर त्यानेच त्यांना इकडे आणलं. गेल्या महिन्यात त्यांची वसईची वाडी बिल्डरला गेली. ॲरनने जबरदस्ती केली नव्हती. "पपा, तिकडे बघणारं कोण आहे आता? आणि इथे मॉर्गेज डोक्यावर आहे," एवढंच म्हणाला होता. सही ज्युलियसनीच केली. बेसमेंटमधल्या बाकी कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"अंकल, पाणी आणू का?" जोनने विचारलं.

"नको. ते वाक्य काढून टाक."

जोन हसली. "काय अंकल, लोक त्या वाक्यासाठीच तर येणार आहेत. माझी मम्मी अजून म्हणून दाखवते."

"शेवट बदलू या," ज्युलियस म्हणाले. "रेजिनबाय वाडी विकते."

ॲरनने फोन खिशात ठेवला.

"आणि मग?" जोनने विचारलं. "मग तिचं काय होतं?"

ज्युलियस खुर्चीचा हात धरून सावकाश खाली बसले.

"काही होत नाही," ते म्हणाले. "लेकाकडे राहायला जाते. लेक चांगला आहे तिचा. औषधं वेळच्या वेळी देतो."