उसने आजोबा

सोया सॉसची अख्खी बाटली रिकामी झाली, तरी थडग्यावरची अक्षरं लालच दिसत होती.

"मेला अजून जिवंतच दिसतोय!" यूचिन वैतागून म्हणाली आणि बाहीनं दगड घासायला लागली.

नाव लाल रंगात असलं की माणूस अजून हयात आहे, हे इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हे थडगं शुईमू आजोबांचं. मुलांवर भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी ते स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. आरामखुर्चीसारखं ऐसपैस, समोर चहाच्या मळ्यांचा उतार. गावात पाहुण्याला दाखवण्याजोगं थडगं आता एवढं एकच उरलं होतं. बाकीचे पूर्वज महामार्गानं गिळले. त्यांची हाडं मडक्यांत भरून एका खोलीत रचून ठेवली होती आणि कुठल्या मडक्यात कोण, ते देवालाही सांगता आलं नसतं.

खाली यूचिनच्या घरात मलेशियाहून, पिनांगहून आलेले होंग थियानशी काका वाट बघत बसले होते. चीनमधली बीजिंग, शिआन, छंगतू ही शहरं पालथी घालत, आगगाडीनं, बसनं आणि शेवटी डुकरांच्या टेम्पोतून ते या डोंगरात पोचले होते.

"आजोबा म्हातारपणी पिनांगहून परत आले आणि इथंच कुठंतरी वारले," सकाळी ते सांगत होते. "आम्ही त्यांना नुसतं 'थोरले' म्हणायचो, खरं नाव कुणालाच माहीत नाही. त्यांच्या मातीवर एकदा डोकं टेकवलं की मी सुटलो. हृदयाचं दुखणं आहे, पोरी. पुन्हा येणं व्हायचं नाही."

अख्खं गाव होंग आडनावाचं. नाही कसं म्हणणार? ग्रामसमितीची कारभारीण असूनही यूचिनची जीभ तिला न विचारताच बोलून गेली होती, "आहेत की, काका! वर टेकडीवर!"

आता म्हाताऱ्याला संशय न येता समाधानानं घरी पाठवायचं, एवढीच तिची धडपड होती. शुईमू आजोबांना तिनं माजाँगच्या डावाला बसवलं होतं आणि बाकीच्या तिघांना दम दिला होता, "त्यांना जिंकू द्या. जिंकत असले की घर पेटलं तरी उठत नाहीत ते."

काका काठी टेकत वर आले, गुडघ्यांवर बसले आणि असा टाहो फोडला की यूचिनच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"थोरले, फार उशीर केला हो मी!" काकांनी कपाळ दगडाला लावलं आणि मग नाक आक्रसलं. "कसला वास येतोय गं?"

"सोया सॉसमधलं बदक," यूचिन घाईनं म्हणाली. "त्यांना फार आवडायचं ना. आत्ताच नैवेद्य दाखवला."

"असं?" काकांनी डोळे पुसले. "आलं किती घालता तुम्ही त्यात?"

ती सांगणार, तोच वळणावरून शुईमू आजोबा तणतणत आले.

"मुद्दाम हरतात माझ्याशी! मी काय मरायला टेकलोय?" एवढं बोलून ते थबकले. आपल्या थडग्यावर अनोळखी माणूस रडतोय. "कोण मेलं?"

यूचिननं त्यांच्या दंडाला करकचून चिमटा काढला. "आजोबा, हे पिनांगचे काका. त्यांचे आजोबा इथं आहेत. *इथं.*"

शुईमूंनी थडग्याकडे पाहिलं. काकांकडे पाहिलं. चेहरा लालबुंद झाला. संपलं सगळं, असं यूचिनला वाटलं. तेवढ्यात काकांनी त्यांचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही ओळखत होता त्यांना?"

शुईमूंनी छाती पुढे काढली. "ओळखत म्हणजे? एका वाडग्यातून जेवलोय."

"कसे होते हो?"

"देवमाणूस!" शुईमूंनी फतकल मारली आणि पुढ्यात ठेवलेलं नैवेद्याचं संत्रं सोलायला घेतलं. "थोडा तापट. पण बायकोला उभ्या जन्मात उलटून बोलला नाही."

"कधी?" यूचिन पुटपुटली. ती त्यांच्या शेजारीच राहायची.

"तू गप गं! मुलं मात्र करंटी निघाली. थोरला शिआमेनला असतो, नवीन वर्षाला साधा मोबाइल उचलत नाही—"

यूचिनला जोरदार ठसका लागला.

"—म्हणजे, पत्राला उत्तर देत नाही. द्यायचा नाही," शुईमूंनी सावरलं.

काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते पुन्हा हुंदके द्यायला लागले. शुईमू त्यांच्याजवळ सरकले. त्यांनी अर्धं संत्रं काकांच्या हातात दिलं आणि पाठीवरून हात फिरवला.

"रड, बाळा, रड. सख्ख्या मुलानंसुद्धा एवढं केलं नसतं रे त्याच्यासाठी."

मग गाव मागे राहतंय थोडंच! बदक झालं, अळकुड्यांचा भात झाला, कालवांचं आमलेट झालं. काका घराघरांतून फिरले, थेट चुलीपाशी बसले, पळीनं चाखत "थोरल्यांना हे आवडायचं? आणि ते?" विचारत राहिले. म्हाताऱ्या बायका डोळ्यांना हात लावत आणखी वाढत होत्या.

निघताना शुईमू रस्त्यापर्यंत पोचवायला आले. "पुढच्या वर्षी ये. मी आहेच इथं. म्हणजे, तो आहेच."

काका फाट्याकडे गेल्यावर यूचिनला आठवलं की बांधून ठेवलेलं बदक घरीच राहिलं. ते घेऊन ती धावत सुटली. काका बसथांब्यावर पाठमोरे बसले होते, फोन कानाला.

"हो गं, जेवलो. हृदयाला काय धाड भरलीय माझ्या! तू आजोबांच्या थडग्यावर फुलं वाहिलीस ना? आपल्या घरामागच्या टेकडीवर शेवाळ झालंय, जपून चढत जा. अगं, तिकीट काढलं की इथं नुसती देवळं दाखवतात. आजोबा शोधतोय म्हटलं की स्वयंपाकघरं उघडतात! आजचे तर चक्क जिवंत निघाले, फार गोड माणूस." ते खुदकन हसले. "छे गं, आता आजोबा पुरे. उद्या पुढच्या गावात आजी शोधून बघतो."