बाबांचा आवाज

सुरतेच्या मराठी वाचनालयात प्रज्ञा आपल्या आत्मकथनाबद्दल बोलायला उभी राहिली, तेव्हा पहिल्याच रांगेत बाबा बसले होते. बमरोलीच्या कापड कारखान्यात चाळीस वर्षं लूमवर राबलेले. तिनं मन घट्ट केलं.

"बाबा आमच्याशी कधी मायेनं बोललेच नाहीत. साधं पाणी मागायचे, तेही अंगावर ओरडून. त्या धाकातूनच हे पुस्तक आलं."

टाळ्या पडल्या. बाबांनीही जोरजोरात वाजवल्या. खाली उतरताच तिनं आईला बाजूला घेतलं.

"बाबांना राग नाही आला?"

"ऐकू आलं तर येईल ना!"

"हो, आता वय झालंय..."

"वय कसलं? तू पाळण्यात होतीस, तेव्हाच लूमच्या खडखडाटानं कान गेले त्यांचे. शेठ कामावरून काढेल, म्हणून कुणाला कळू दिलं नाही. तुम्हा पोरांनाही नाही."

तेवढ्यात बाबा आले. डोळे पुसत लेकीच्या कानाशी वाकले आणि बोलले. सगळं वाचनालय दचकून वळलं.

"चारचौघांत कशाला, म्हणून हळूच कानात सांगतो, बेटा. लय गोड बोललीस!"