मासा रुसतो

हर्सूल तलावावर गळ टाकणारे बन्सीअण्णा घरात बजावून ठेवायचे, "बाईमाणसाचा हात दोरीला लागला, की मासा रुसतो." नववीतली त्यांची लेक कावेरी मात्र ते आंघोळीला गेले रे गेले, की हळूच दोरी काढायची. झीज कळावी म्हणून ओठांवरून सरकवत न्यायची, जिथं वीण उसवून केसाळ लागेल तिथं कापायची आणि थुंकी लावून गळाला नवी गाठ आवळायची.

रविवारी अण्णा चांगला सात किलोचा कटला घेऊन आले. "एवढ्या धुडानं दोरी कशी तोडली नाय हो?" गल्लीतल्यांनी विचारलं.

"गाठ बांधायला हात लागतो, गड्याहो!" अण्णा मिशीत हसले.

सगळे पांगल्यावर कावेरीनं धीर करून सांगूनच टाकलं, "अण्णा, ती गाठ मी बांधली होती. वरीसभर मीच बांधतेय. आता मला पण न्या की तलावावर, गळ टाकायला."

अण्णांनी आधी दार लोटून घेतलं.



"ठाऊक हाय मला, पहिल्या दिवसापासून. बांधत जा तशीच. पर तलावावर तुझं काय काम?"