शिबिराची पाटी

ऊन चढत आलं तरी कापसाची सरकी काढणाऱ्या जिनमध्ये एकही पेशंट फिरकला नव्हता. हंगाम संपल्यामुळे रिकाम्या पडलेल्या गोदामात खाटा मांडल्या होत्या, पांढरे पडदे लावले होते. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरचं मलकापुरातलं हे पहिलंच डोळ्यांचं शिबिर. नागपूरहून आलेले डॉक्टर सारखे घड्याळ बघत होते.

"मास्तर, तुमच्या गावात सगळ्यांचेच डोळे चांगले दिसतात," ते म्हणाले. "दुपारच्या गाडीनं आम्ही परत निघतो."

शिबिराच्या पाट्या ड्रॉइंग मास्तर अनंतनंच रंगवल्या होत्या, अगदी मन लावून. पेशंट कुठं अडकलेत ते बघायला त्यानं सायकल काढली आणि स्टेशनाकडं निघाला. वाटेत आपल्या शाळेपाशी येताच त्यानं करकचून ब्रेक दाबला.

सुट्टीमुळे बंद असलेल्या फाटकासमोर, निंबाच्या सावलीत ही गर्दी! म्हातारे, म्हाताऱ्या, भाकरीची फडकी, सोडलेल्या बैलगाड्या.

"इथं का बसलात?" त्यानं विचारलं.

वडनेर भोलजी गावचा ओळखीचा कडूबा उठला. शेजारी त्याची आई रुखमाबाई होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला.

"काऊन म्हंजे? पाटीवर शाळाच लिहेल हाये ना, गुरुजी. सकाळपासून फाटक उघडाची वाट पाहून राह्यलो."

अनंत फाटकावरच्या आपल्याच पाटीसमोर उभा राहिला. शाळेनं शिबिराला मदत केली म्हणून तिचं नाव सगळ्यांत वर, टपोऱ्या अक्षरांत. खाली पाहुण्यांची नावं, मग कमळांची वेलबुट्टी. आणि तिच्याही खाली, बारीक अक्षरांत, 'स्थळ : जिन.'

त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण माणसं आली होती! तो कडूबाकडं वळला.

"कडूबा, माझी सायकल घ्या. जिनमध्ये जाऊन डॉक्टरांना सांगा, थांबा म्हणावं, सगळे येताहेत."

"हाव, हा गेलोच!"

मागून येणारे पुन्हा चुकू नयेत म्हणून अनंतनं आपल्याकडच्या किल्लीनं शाळा उघडून काळा रंग आणला. पाटी काढून टाकली आणि कंपाउंडच्या पांढऱ्या भिंतीवर फटकारे मारले. एक भलामोठा डोळा. एक लांबरुंद बाण. त्याखाली एकच शब्द : जिन.

तोवर लोक बोचकी आवरून निघाले होते. शेजारणीचा हात धरून चालणारी रुखमाबाई भिंतीपाशी थबकली.

"हे काय बाई काळं काळं?"

"बाण आहे, आजी. जिनकडं जायचा," अनंत म्हणाला.

ती भिंतीकडं तोंड करून थोडा वेळ उभी राहिली.

"दिसला मले," ती म्हणाली, आणि शेजारणीचा हात सोडून बाणाच्या दिशेनं वळली.